छाटणीचा ढीग आणि ट्रॅक्टरवरचा चिपर : निवड आणि निगा

आजचा विषय तुमच्या प्रत्येकाच्या बांधावर पडलेला आहे. छाटणीचा ढीग. नारायणगाव पट्ट्यात द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, असे वर्षातून दोनदा काड्यांचे ढीग निघतात. आळे-बेल्ह्याकडे डाळिंबाच्या फांद्या, येणेरे भागात आंब्याच्या, आंबेगावात बांधावरची ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, बाभूळ. हे सगळं आपण काय करतो? बांधाला ओढतो आणि काडी लावतो. राखेत थोडंफार पालाश उरतं, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुराबरोबर जातो. मग तोच कर्ब आपण शेणखताच्या ट्रॉल्या विकत घेऊन परत आणतो.

म्हणून आता बरेच जण ट्रॅक्टरवर चालणारा चिपर किंवा श्रेडर बघायला लागलेत. चांगलं आहे. पण यंत्र बघताना लोक विचारतात, "किती इंचाची फांदी खातं?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नाही. माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगतो: ज्याचं पातं तुम्हाला स्वतः काढता येतं, धार लावता येते आणि परत नीट बसवता येतं, ते यंत्र घ्या. या यंत्रात डिझेल जास्त जाणं, बेअरिंग जाणं आणि माणसाचा हात जाणं, या तिन्ही गोष्टींची सुरुवात बऱ्याचदा बोथट पात्यापासून होते. ती कशी, ते आता बघू.

आधी ढीग बघा

बाजारात एकाच नावाखाली तीन वेगळी यंत्रं मिळतात. पहिला खरा चिपर. यात जड चकती किंवा ड्रम असतो, त्यावर दोन ते चार पाती बसवलेली असतात, आणि समोर एक स्थिर पातं असतं. फांदी या दोघांच्या मध्ये कापली जाते, कात्रीत कापल्यासारखी. सुभाबळी, आंबा, बाभूळ अशा लाकडाला हा बरोबर. दुसरा श्रेडर. यात झुलते हातोडे असतात, ते कापत नाहीत, ठेचतात. पालापाचोळा, ओला पाला, बारीक काड्या याला चालतात. जाड लाकूड घातलं की तो नुसता आदळत बसतो. तिसरा प्रकार ट्रॅक्टरमागे ओळीतून चालणारा मल्चर. काड्या दोन ओळींच्या मध्ये टाकायच्या आणि वरून यंत्र फिरवायचं.

आता स्वतःला विचारा, ढीग यंत्राकडे न्यायचा आहे, की यंत्र ढिगाकडे? द्राक्षात ओळीतलं अंतर साधारण ९ ते १० फूट असतं, काड्या पेन्सिलीएवढ्या ते अंगठ्याएवढ्या. तिथं ओळीतून चालणारा मल्चर सोयीचा. काड्या उचलायची मजुरी वाचते, आणि मुख्य म्हणजे कोणालाही हाताने काही घालावं लागत नाही. उलट बांधावरची झाडं आणि आंबा असेल तर एका जागी उभा राहणारा चिपर लागतो. दोन्ही कामं एकाच यंत्रात करून देतो असं कोणी म्हणालं, तर त्याला सांगा, माझ्याच बागेतला माल घालून दाखव.

ओल्या फांदीचं लाकूड मऊ असतं, पातं सहज जातं. महिनाभर उन्हात वाळलेली बाभूळ पात्याची धार एका दिवसात घालवते. त्यामुळे छाटणी झाली की चार-आठ दिवसांत कुट्टी उरका. फक्त द्राक्षाची ओली काडी चिवट असते, तिची साल सोलून शाफ्टला गुंडाळते. म्हणून दर तासाला यंत्र पूर्ण थांबवून ती काढावी लागते.

ट्रॅक्टरची खरी ताकद

बागेतले छोटे ट्रॅक्टर साधारण १८ ते २८ एचपीचे. पण तो आकडा इंजिनाचा. यंत्राला मिळते ती पीटीओची ताकद, आणि ती इंजिनाच्या साधारण ८५ टक्के धरा. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर वीसच्या आसपास. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात पीटीओ एचपी वेगळी लिहिलेली असते, ती बघा. चिपरला लागणारी ताकद त्यापेक्षा थोडी कमी असावी. काठावर काठ नको.

यंत्रावर "४ इंच" लिहिलं असेल, तर तो तोंडात मावणारा आकडा आहे. दिवसभर न अडखळता चालणारी जाडी त्यापेक्षा कमी असते. आपल्याकडची बरीचशी फांदी दोन इंचाच्या आतलीच आहे. तेव्हा वर्षातून चार फांद्यांसाठी मोठं यंत्र घेऊ नका. ते चार ओंडके चुलीला वापरा.

आणखी दोन गोष्टी. थ्री पॉइंटवर उचलायचं यंत्र असेल तर त्याचं वजन आणि तुमच्या हायड्रोलिकची उचलण्याची क्षमता जुळवून बघा. पुढची चाकं हलकी झाली तर चढावर स्टिअरिंग ऐकत नाही. दुसरं, सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरला मल्चर जोडणार असाल तर ओव्हररनिंग क्लच बसवून घ्या. कारण तुम्ही क्लच दाबला तरी मागचा जड रोटर फिरत राहतो, आणि तोच पीटीओतून उलटा गिअरबॉक्सला फिरवून ट्रॅक्टर पुढं ढकलतो. ओळीच्या टोकाला डांब आणि ताण असतो, हे लक्षात ठेवा.

धार : इथंच सगळं आहे

पातं बोथट झालं हे कसं ओळखायचं? बाहेर पडणारी कुट्टी बघा. धारदार पातं असेल तर स्वच्छ कापलेले तुकडे पडतात. बोथट झालं की भुसा आणि लांब धागे पडायला लागतात. इंजिनाचा आवाज दबतो. आणि तिसरं लक्षण सगळ्यात वाईट. फांदी आपोआप आत ओढली जात नाही, माणूस ढकलायला लागतो. आधी हाताने, मग जोर लावून, मग थोडं वाकून. हात तोंडाजवळ जातो तो असा. धोका माणसाच्या बेफिकिरीत असतोच, पण त्याआधी तो पात्यात असतो.

वेग किती असतो बघा. समजा चकतीचा व्यास ६० सेंटिमीटर आहे आणि ती मिनिटाला १००० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग होतो सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर. तिथं "पटकन हात मागे घेईन" ही भाषा चालत नाही.

धार लावताना चार नियम. एक, कारखान्याने दिलेला कोन बदलायचा नाही. दोन, ग्राइंडरवर हळूहळू, थांबत थांबत. पात्याची कड निळी पडली म्हणजे तिचं पाणी उतरलं, ती धार आता टिकणार नाही. तीन, सगळी पाती एकत्र काढा, एकत्र धार लावा, आणि तराजूवर वजन करून सारखी करा. समोरासमोरच्या पात्यांत ५० ग्रॅमचा फरक राहिला तर आपल्या उदाहरणातल्या चकतीवर साधारण १४ किलोचा धक्का बसतो, तोही सेकंदाला सोळा-सतरा वेळा. बेअरिंग का जातात ते कळलं ना? चार, पाती बसवल्यावर स्थिर पात्याशी असलेली फट माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवा. साधारण मिलिमीटरभर असते. फट वाढली की फांदी कापली न जाता त्यात दुमडून अडकते. बसवल्यावर चकती आधी हाताने एक फेरा फिरवून बघा. बोल्ट कंपनीचेच वापरा आणि पहिल्या तासाभरानंतर यंत्र थांबवून पुन्हा आवळा.

आणि पात्याचा आपल्या भागातला मोठा शत्रू म्हणजे तार. द्राक्षाच्या मांडवाच्या तारेचे तुकडे, टोमॅटोची तार-सुतळी, ठिबकच्या नळ्या, खिळे. ढीग बांधावर ओढतानाच हे वेचून काढा. मुळाची माती लागलेला बुंधा कधीही घालू नका, वाळूने धार जाते.

शाफ्ट, ग्रीस, पट्टे

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. जॉइंटजवळ शाफ्टचा घेर २२ सेंटिमीटर धरला, तर सेकंदाला दोन मीटर कापड त्यावर गुंडाळलं जातं. पदर, ओढणी, उपरणं, स्वेटरची बाही, काहीही. सोडवायला वेळच मिळत नाही. म्हणून शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलं की काम बंद, नवं बसेपर्यंत. मळणी यंत्रांवरच्या अपघातांमुळे आपल्या देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदाच करावा लागला, हे विसरू नका.

शाफ्टच्या क्रॉसला रोज काम सुरू करण्याआधी ग्रीस. शाफ्टच्या दोन नळ्या कामाच्या वेळी एकमेकींत किमान एक तृतीयांश तरी घुसलेल्या हव्यात. शिअर बोल्ट हा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, यंत्र अडकलं की तो तुटावा म्हणून. दोनदा तुटला म्हणून तिथं कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा घातला, तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटेल. व्ही-बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबून सेंटिमीटरभर दबला पाहिजे. एक पट्टा गेला तर पूर्ण जोडी बदला, नाहीतर सगळा भार नव्या पट्ट्यावर येतो.

चालवताना फांदीचा जाड बुंधा आधी, माणूस तोंडाच्या बाजूला उभा, समोर नाही. अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. मग चकती पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. जड चकती इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ फिरते. आणि काम उजेडातच उरका. आपला भाग बिबट्यांचा आहे, यंत्राच्या आवाजात आजूबाजूची चाहूल लागत नाही.

कुट्टीचं काय करायचं?

जमिनीवर आच्छादन म्हणून पसरा. ओल टिकते, तण कमी होतं. पण ताजी लाकडी कुट्टी मातीत मिसळू नका. लाकडात कर्ब फार, नत्र कमी. कुजवणारे जिवाणू मग मातीतलं नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं. मिसळायचीच असेल तर आधी शेणकाल्यात कुजवून घ्या. खोडाला टेकवून ढीग करू नका. आणि रोगट माल वेगळा ठेवा. डाळिंबावर तेल्या असेल तर त्या फांद्या कुट्टी करून बागेत पसरणं म्हणजे रोग पेरणं. त्या बागेबाहेर नेऊन जाळाव्यातच. द्राक्षात खोडकिडा लागलेल्या ओलांड्याचंही तेच.

श्रोत्यांचे प्रश्न

*उसाचं पाचट याच यंत्रात चालेल का?*
नको. पाचट हलकं आणि लांब, चिपरच्या शाफ्टला गुंडाळतं. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाचं क्षेत्र मोठं आहे आणि हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. एवढं उचलून यंत्राकडे आणणंच परवडत नाही. त्यासाठी शेतात चालणारं पाचट कुट्टी यंत्र वेगळं मिळतं. कुट्टी झाल्यावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका आणि पाणी द्या.

*माझी दोनच एकर बाग आहे. घ्यावं का?*
वर्षातले दिवस मोजा. दोन छाटण्या मिळून तुमचं काम थोड्याच दिवसांचं. बाकी वर्षभर यंत्र शेडमध्ये गंजणार. चार-पाच जणांनी मिळून घ्या किंवा गटामार्फत भाड्याने आणा. पण सामाईक यंत्राची एक अट ठेवा: धार आणि ग्रीस कोणाकडे, ते एका माणसाच्या नावावर असू द्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. सगळ्यांचं यंत्र म्हणजे कोणाचंच नाही, असं व्हायला नको.

*अनुदान मिळतं का?*
कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटीवर अर्ज करता येतो. यंत्राचा तपासणी अहवाल आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारा. आणि पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका. पण नुसतं अनुदानात बसतं म्हणून यंत्र निवडू नका. पाती कुठं मिळतात आणि किती दिवसांत, ते आधी विचारा.

*बांधावरचा हिरडा आडवा करून चिपरमध्ये घातला तर?*
फांद्या छाटणं वेगळं आणि झाड तोडणं वेगळं. हिरडा, आंबा, जांभूळ, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. आणि पश्चिम पट्ट्यात हिरडा हे वर्षाला पैसे देणारं झाड आहे. त्याला चिपर दाखवू नका.

वेळ संपली. येत्या छाटणीआधी एवढं करा: पाती काढून धार बघा, शाफ्टचं आवरण बघा, क्रॉसला ग्रीस भरा.