एक मीटर बाय एक मीटर

संध्याकाळी दादर स्टेशनाबाहेर वडापावची गाडी कुठे लागते, हे नीट पाहावे. जिन्याच्या तोंडाशी ती लागत नाही. तिथे थांबलेल्याला मागचा लोंढा ढकलून नेतो. चार पावले पुढे, गर्दी जरा सैल होते तिथे ती असते. उकळत्या तेलाची कढई भिंतीकडे, पावाच्या लाद्या नि चटणीचे डबे गिऱ्हाइकाकडे. मागचे दुकान उघडे असेल तर गाडी हातभर सरकते, शटर पडले की पुन्हा समोर येते. पाणी दुकानदाराकडून घ्यायचे, आसपासचा कचरा आपण उचलायचा, टॅक्सीला वळायला वाव ठेवायचा. हे ठराव कुठेही लिहिलेले नसतात. पदपथाची इतकी बारीक जाण मला नगररचनेच्या नकाशात कधी दिसलेली नाही.

याच दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. पाळीला निघालेल्या गिरणी कामगाराला एका हातात मावेल, चालता चालता संपेल असे खाणे हवे होते. स्टेशन आणि कामाची जागा यांच्या मधल्या वाटेवर हा पदार्थ रुजला.

त्या वाटेवर हक्क कुणाचा? वाजवी निर्बंध पाळून पदपथावर विक्री करणे हा व्यवसायाचा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात मान्य केले. मुंबईसाठी २००३ मध्ये त्याच न्यायालयाने अटी घातल्या: प्रत्येकाला एक मीटर बाय एक मीटर जागा, स्टेशनापासून १५० मीटरच्या आत विक्री नाही, शिजवलेले अन्न तर मुळीच नाही. वडापाववाल्याचे सगळे गिऱ्हाईक त्या १५० मीटरांत आहे. तिथून पुढे गेलेला माणूस बसच्या रांगेत लागलेला असतो.

२०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली आणि स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांवरची कारवाई वाढली. प्रवाशाला मोकळी वाट हवीच, त्यात दुमत नाही. पण जागा ठरवून न देता गाडी उचलली, तर ती दंड भरून परत येते, पूर्वीपेक्षा भेदरलेली आणि हप्तेखोरांच्या अधिकच कह्यात गेलेली.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात यावर उपाय आहे: आधी सर्वेक्षण, तोवर कुणाला हटवायचे नाही, आणि जागा ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडलेले. त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. या समितीने आपल्या बैठका कधीतरी संध्याकाळी सात वाजता, स्टेशनाच्या जिन्याखाली घ्याव्यात. गर्दी कुठे सैल होते, हे तिथे गाडीवाला बोट ठेवून दाखवील.