शेवटच्या बाकावरचे प्राचार्य

अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य कसे आहेत, हे त्यांच्या दालनात बसून कळत नाही. त्यासाठी सरावशाळेत जावे लागते. छात्राध्यापकाचा पाठ चालू असतो. फळ्यावर तारीख, विषय, घटक लिहून झालेला असतो आणि शेवटच्या बाकावर निरीक्षण-वही उघडून कुणीतरी बसलेले असते. पाठ संपल्यावर ही व्यक्ती काय बोलते, मुलांच्या देखत बोलते की व्हरांड्यात बाजूला घेऊन, आधी चुका सांगते की आधी विचारते, 'तुला स्वतःला पाठ कसा वाटला?' त्या महाविद्यालयाचे नेतृत्व एवढ्या पाच मिनिटांत दिसते. आणि मुळात प्राचार्य त्या बाकावर कधी बसतच नसतील, तर तेही उत्तरच आहे.

वाणिज्य किंवा विज्ञान महाविद्यालयात प्राचार्यांची वागणूक हा प्रशासनाचा भाग असतो. बी.एड. किंवा डी.एल.एड.च्या महाविद्यालयात तो अभ्यासक्रमाचाच भाग होतो, मग तो कागदावर असो वा नसो. आपल्याहून कमी अधिकार असलेल्या माणसाशी कसे वागायचे, हे छात्राध्यापक तिथे रोज पाहत असतो. सातवीच्या मुलांसमोर ज्याचा पाणउतारा झाला, तो पुढच्या जूनमध्ये स्वतःच्या वर्गात जाताना त्या प्रसंगातून काही ना काही घेऊन जाणारच. म्हणून इतर कोणत्याही महाविद्यालयापेक्षा इथल्या नेतृत्वशैलीचा आढावा घेणे मला निकडीचे वाटते.

या शैलींची पुस्तकी वर्गवारी शैक्षणिक व्यवस्थापनाच्या पेपरासाठी सगळेच पाठ करतात : हुकूमशाही, लोकशाही आणि निर्हस्तक्षेपी. तिच्यामागचा प्रयोग मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी लिपिट व व्हाइट यांनी 1939 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दहा-दहा वर्षांच्या मुलांची छंदमंडळे, मुखवटे बनवण्यासारखी कामे आणि प्रत्येक मंडळाला वेगळ्या रीतीने वागणारा प्रौढ प्रमुख, अशी त्याची मांडणी होती. हुकूम सोडणाऱ्या प्रमुखाच्या हाताखाली काम भरपूर झाले, पण तो खोलीबाहेर गेला की मुले काम टाकून देत. विचारविनिमयाने चालणाऱ्या मंडळात प्रमुख नसतानाही काम चालू राहिले. सारे मुलांवर सोडून दिलेल्या मंडळात काम सर्वांत कमी झाले. शिक्षकी पेशात माणूस आयुष्यभर बंद दाराआड, कुणी पाहत नसताना काम करतो. अध्यापक घडवणाऱ्यांनी या प्रयोगातून घ्यायचे ते हेच आहे. पुढे 1978 साली जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी देवघेवीवर चालणारे नेतृत्व आणि माणसे बदलवणारे नेतृत्व असा भेद मांडला. आज शिक्षणशास्त्रातल्या पीएच.डी.च्या प्रबंधांत त्याचाच बोलबाला आहे. त्या प्रबंधांतल्या प्रश्नावल्यांत मी इथे शिरत नाही, कारण आपल्याच भूमीवर याहून भरीव सामग्री आहे.

सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. सरकारी पातळीवर अध्यापक प्रशिक्षणाची निकड 1854च्या वुडच्या खलित्याने अधोरेखित केली. पुण्यात मुलींची शाळा त्याआधीच, 1848 साली उघडली होती. म्हणजे आपल्याकडे प्रशिक्षित स्त्री-शिक्षिकेची परंपरा सुरू झाली तीच एका मुख्याध्यापिकेपासून, आणि ती मुख्याध्यापिका स्वतः वर्गावर उभी राहून शिकवत होती.

ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय. पगार, बंगला, मान सगळे होते. 1923च्या सुमारास त्यांनी ते सोडले आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालमंदिराच्या कामाला लागल्या. त्यांच्या चरित्रात हा प्रसंग त्यागाचा म्हणून येतो. मला तो नेतृत्वाविषयीचा निर्णय वाटतो. शिक्षक घडवायचे तर आधी मुलांच्या जवळ गेले पाहिजे आणि ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुखपदावरून ते जमत नाही, असा तो निर्णय होता. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढे 1957 मध्ये कोसबादच्या टेकडीवर. तिथे शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांपर्यंत शाळाच गेली. अंगणात अंगणवाडी भरली, गुरे चरतात तिथे कुरणशाळा भरली. या कामासाठी ज्या बालसेविका तयार झाल्या, त्या याच अंगणांत आणि कुरणांत शिकल्या. ताराबाईंबरोबर बोर्डीला आलेल्या अनुताई वाघ या स्वतः बालविधवा. 1973 मध्ये ताराबाई गेल्या, तरी कोसबादचे काम थांबले नाही. अनुताईंनी ते जवळजवळ दोन दशके पुढे नेले. लेविनच्या प्रयोगातला प्रमुख खोलीबाहेर गेल्यानंतरचा प्रश्न कोसबादने असा सोडवला आहे.

वर्ध्याची रीत वेगळी होती. ऑक्टोबर 1937च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्तानी तालिमी संघ उभा राहिला. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामला शिक्षकांचे प्रशिक्षण चालवले. सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई ही तिथली कामे. प्रशिक्षण देणारे आणि घेणारे यांनी एकाच अंगणात एकच काम करायचे, हा या रीतीचा गाभा होता. श्रमाबद्दल बोलायचा अधिकार श्रम करूनच मिळवायचा असे.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे नेतृत्व याहून वेगळे होते, आणि त्याची नीट मांडणी अजून व्हायची आहे. रयत शिक्षण संस्थेने 1935 साली साताऱ्यात रौप्यमहोत्सवी ग्रामीण ट्रेनिंग कॉलेज काढले, कारण खेड्यापाड्यांत शाळा उघडायच्या तर खेड्यातून आलेलेच शिक्षक हवे होते. पुढे 1955 मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आले. अण्णांचा, म्हणजे भाऊरावांचा, शब्द अखेरचा असे. ही वडीलधाऱ्याची सत्ता होती, तिला लोकशाही म्हणता येणार नाही. पण त्या सत्तेमागे अनवाणी पायपीट होती, आणि वसतिगृहासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे मोडलेले दागिने होते. आज अनेक संस्थाचालक अण्णांचे नाव घेऊन तोच अखेरचा शब्द मागतात. त्यामागचे सोसणे मात्र दिसत नाही. महाराष्ट्रातल्या अध्यापक महाविद्यालयांचे दुखणे मला इथे सापडते.

2000 नंतर कायम विनाअनुदानित तत्त्वावर डी.एड. आणि बी.एड. महाविद्यालयांचे पीक आले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला 1993च्या कायद्याने अधिकार मिळाले होते, पण मान्यतेची खिरापत त्याने थांबली नाही. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला, तो महाराष्ट्रातल्याच डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून. आयोगाचा अहवाल 2012 साली आला. देशातल्या दहा हजारांवर एकल अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणाचा गंभीर प्रयत्नच होत नाही, पदव्या विकल्या जातात, असा या अहवालाचा हवाला 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दिला आहे.

अशा महाविद्यालयात प्राचार्य कोणत्या शैलीचे आहेत, हे विचारण्यातच अर्थ उरत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014च्या नियमांनुसार प्राचार्यांना पीएच.डी. आणि आठ वर्षांचा अनुभव हवा. दोन वर्षांच्या बी.एड.साठी दोनशे छात्राध्यापकांमागे प्राचार्यांसह सोळा पूर्णवेळ अध्यापक हवेत. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी 'प्रभारी' प्राचार्य वर्षानुवर्षे सही करत बसलेले दिसतात. अर्धे अध्यापक तासिका तत्त्वावर असतात, आणि प्रवेश भरण्याची जबाबदारीही याच माणसांवर असते. प्रभारी माणूस संस्थेच्या सचिवांना नाही म्हणू शकत नाही. ज्याला वर नाही म्हणता येत नाही, तो खाली सहसा दोनच गोष्टी करतो : ओरडतो किंवा डोळेझाक करतो. हुकूमशाही आणि निर्हस्तक्षेप या दोन टोकांच्या शैली एकाच माणसात, एकाच आठवड्यात दिसतात. हा स्वभावदोष मानून त्यांच्यासाठी नेतृत्वविकासाची कार्यशाळा भरवणे मला अन्याय्य वाटते.

शासकीय संस्थांची अडचण निराळी. 1986च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत 'डाएट', म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, उभ्या राहिल्या. त्यांचे प्राचार्य हे आधी अधिकारी असतात. बदल्या आणि वरून आलेल्या प्रशिक्षणांचे वेळापत्रक यांतून स्वतःचे असे काही उभारायला त्यांना फारसा वाव मिळत नाही. तरी काही अधिव्याख्याते तालुक्यांतल्या शाळांत जाऊन शिक्षकांजवळ बसतात. ते काम त्यांच्या आस्थेवर चालते, रचनेवर नाही.

कडक प्राचार्यांबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. जुन्या पिढीतले शिक्षक अशा प्राचार्यांची आठवण कृतज्ञतेने काढतात. पाठ टाचण सही झाल्याशिवाय वर्गात पाऊल टाकू न देणारे, फळ्यावरच्या एका ऱ्हस्व-दीर्घासाठी थांबवणारे ते प्राचार्य होते. ही शिस्त मला हुकूमशाही वाटत नाही. ते स्वतः प्रत्येक टाचण वाचत, म्हणून त्यांना अडवण्याचा अधिकार होता. न वाचता सही करणारे आणि न वाचता अडवणारे, दोघेही त्या परंपरेतले नव्हेत.

सहभागाचे नेतृत्व अभ्यासक्रमात आधीच आहे. सूक्ष्म अध्यापनाचे छत्तीस मिनिटांचे चक्र पाहा. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ, सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. इथे सोबतीच निरीक्षक असतात, आणि चुकीनंतर दुसरी संधी त्याच तासात मिळते. हे चक्र खरोखर चालवले, तर टीका कशी करावी आणि कशी घ्यावी, हे छात्राध्यापक एका पंधरवड्यात शिकतात. बहुतेक ठिकाणी मात्र ते जर्नलमध्ये भरून घेतले जाते. आंतरवासितेचेही तेच होते. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे छात्राध्यापक शाळेत असतात. त्या काळात त्यांना ऑफ तास सांभाळायला लावायचे की अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली शिकवू द्यायचे, हे प्राचार्य त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी जाऊन बोलतात की नाही, यावर ठरते. नुसत्या पत्राने ते होत नाही.

आता चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण अभ्यासक्रम आला आहे. एकल महाविद्यालयांनी बहुविद्याशाखीय व्हावे, असे 2020चे धोरण सांगते. बी.एड.चे प्राचार्य उद्या मोठ्या महाविद्यालयातले विभागप्रमुख होतील. त्या विभागप्रमुखांना सरावशाळेत जायला गाडीभाडे आणि वेळ मिळेल का, त्यांची नेमणूक पूर्णवेळ असेल का, विज्ञान आणि वाणिज्याच्या वेळापत्रकात पाठ निरीक्षणाचे तास कामाच्या भारात मोजले जातील का, हे प्रश्न विद्यापीठांनी विलीनीकरणाच्या अटींतच लिहून घ्यायला हवेत. मान्यतेसाठी येणाऱ्या समितीने प्राचार्यांच्या दालनातल्या फायलींबरोबर आणखी एक कागद मागावा : गेल्या वर्षी प्राचार्यांनी स्वतः पाहिलेल्या पाठांची, त्यांच्या हस्ताक्षरातल्या शेऱ्यांसह असलेली निरीक्षण-वही.