अलंकारपरिचय : लेखांक ४ – उपमेच्या नाना भूमिका

उपमेय, उपमान, त्या दोहोंत आढळणारा साधारण धर्म आणि साम्य दाखविणारा शब्द ही उपमेची चार अंगे गेल्या लेखांकात आपण पाहिली. ही चारही जेथे उच्चारलेली असतात ती पूर्णोपमा आणि त्यांपैकी एखादे अध्याहृत राहिले की लुप्तोपमा, एवढा तपशील ज्याच्या मनात स्थिरावला आहे त्याला आजचा विषय जड जाणार नाही. शाळांतून अलंकार शिकविण्याची जी वहिवाट पडली आहे तीत प्रत्येक अलंकाराची स्वतंत्र व्याख्या, तिच्याखाली एक ठरीव उदाहरण आणि ओळखण्याची खूण म्हणून एखादा शब्द असा क्रम असतो. ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा लिहावी व ‘की’ दिसला की ससंदेह लिहावा, हे विद्यार्थी चार दिवसांत पाठ करतो आणि परीक्षा संपताच विसरतो. ही पद्धत मला मनापासून अमान्य आहे, कारण तीत कवीच्या मनाचा व्यापार विद्यार्थ्याच्या दृष्टीस कधी पडतच नाही.

सोळाव्या शतकात दक्षिणेत होऊन गेलेल्या अप्पय्य दीक्षितांनी आपल्या ‘चित्रमीमांसा’ या ग्रंथात याहून कितीतरी सरस मार्ग दाखविला आहे. उपमा ही एकच नटी असून काव्याच्या रंगभूमीवर ती निरनिराळ्या भूमिका घेऊन येते व जाणत्यांची मने रिझविते, असे सांगून त्यांनी मुख आणि चंद्र या एकाच जोडीतून एकामागून एक अलंकार सिद्ध करून दाखविले. पुढे जगन्नाथ पंडितांनी ‘चित्रमीमांसाखंडन’ लिहून त्यांच्यावर कठोर टीका केली; तथापि शिकणाऱ्याच्या दृष्टीने या एका कल्पनेचे मोल त्या वादाने उणावत नाही.

तोच प्रयोग आपण गावाबाहेरचे तळे आणि आरसा ही जोडी घेऊन करू. प्रथम एक गोष्ट ध्यानात धरावी : मम्मटाने उपमेचे लक्षण करताना साधर्म्याबरोबर भेदाचीही अट घातली आहे, म्हणजे दोन वस्तू सारख्या असूनही वेगळ्या आहेत याची जाणीव उपमेत कायम असते. ‘तळ्याचे पाणी आरशासारखे निर्मळ आहे’ असे म्हणताना तळे हे तळेच राहते. ‘तळे म्हणजे जणू आरसाच’ या उत्प्रेक्षेत मन अभेदाकडे झुकते, परंतु ही आपली संभावना आहे हे विसरत नाही. ‘या तळ्याच्या आरशात गाव आपले मुख पाहते’ असे म्हटले की भेद झाकला गेला आणि रूपक झाले. ‘हे तळे नव्हे, हा आरसा’ असे म्हणून उपमेयाचा निषेधच केला की अपन्हुती. आणि ‘वेशीबाहेर कोणी आरसा मांडून ठेवला आहे’ असे म्हणून तळ्याचे नावही न घेतले, तर उपमानाने उपमेयाला पुरते गिळले, ती अतिशयोक्ती. उलट दिशेने निघावे तर ‘आरशावर धूळ बसते, तळ्यावर तीही बसत नाही’ या व्यतिरेकात उपमेय वरचढ ठरते, आणि ‘या तळ्यासारखे हेच तळे’ या अनन्वयात दुसरी वस्तूच उरत नाही.

आता ‘आरसा समजून नववधू कुंकू नीट करण्यासाठी काठावर ओणवली’ हे वाक्य पाहा. हा भ्रांतिमान. रूपकातही तळ्याला आरसाच म्हटले होते. मग अंतर कोठे पडले? रूपकात तळ्यावर आरशाचा आरोप करणारा कवी पूर्ण जाणिवेने, स्वेच्छेने तो करीत असतो आणि अशा बुद्धिपुरस्सर ज्ञानाला शास्त्रकार आहार्य म्हणतात. भ्रांतिमानात मात्र चूक होते ती काव्यातल्या पात्राची, आणि त्या पात्रापुरती ती खरीखुरी असते. हे बारीक अंतर ज्याने एकदा मनाशी अनुभवले, त्याला या दोन अलंकारांच्या व्याख्या घोकाव्या लागत नाहीत.

खुणेच्या शब्दावर विसंबणे किती अपुरे आहे, याचा एक जुना व सुंदर दाखला दंडीच्या ‘काव्यादर्शा’त आहे. अंधार अंगांना लेप देत आहे आणि आकाश काजळाची वृष्टी करीत आहे, अशा आशयाचा एक श्लोक शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त येतो, त्यात ‘इव’ हा शब्द असल्यामुळे ती उपमाच होय, असे काहींचे मत होते. दंडीने त्याचा सविस्तर परामर्श घेतला. ‘इव’ हा येथे क्रियापदाला जोडलेला आहे, आणि क्रियापद हे उपमान होऊ शकत नाही. अंधाराचे पसरणे हे लेप देणे आहे अशी संभावना कवीने केली आहे, म्हणून ही उत्प्रेक्षा, असा त्याचा निर्णय आहे. तोच शब्द, पण मनोव्यापार निराळा! दुसऱ्या बाजूने, रानगवा गाईसारखा असतो या वाक्यात उपमेची चारही अंगे खुशाल जुळवून दाखवावीत, तरीही शास्त्रकार त्याला अलंकाराची सनद देत नाहीत, कारण त्यात माहिती आहे, चमत्कृती नाही.

ज्याला या विद्येची खरी गोडी लावून घ्यायची आहे त्याने ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय पुढे घेऊन बसावे. तेथे एकाच भावासाठी एकामागून एक उपमाने येतात, आणि त्यांतले प्रत्येक आधीच्या उपमानाने न उजळलेली एखादी बाजू उजळून जाते. सारख्या अर्थाच्या ओव्यांची ती पुनरुक्ती आहे असे पहिल्या वाचनी वाटले तरी दुसऱ्या वाचनी तसे वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक ओवीपाशी थांबून एवढेच विचारावे, की येथे भेद राखला आहे, झाकला आहे की पुसला आहे. असे करू लागल्यावर काही ओव्या उपमेतही बसत नाहीत आणि रूपकातही नाहीत, असे आढळेल. त्यांत दोन वाक्ये शेजारी उभी असतात, साम्यवाचक शब्द मुळीच नसतो आणि तरी एकाचे प्रतिबिंब दुसऱ्यात स्पष्ट उमटलेले असते. तो दृष्टांत होय, आणि अर्थांतरन्यासाशी त्याची होणारी गल्लत हा पुढील लेखांकाचा विषय.