डोंगर चित्रात केव्हा येतो? : नॉर्वेची पर्वतचित्रे आणि आपला सह्याद्री

विषयप्रवेश

बुलडाणा जिल्ह्यात माणसाचा ठावठिकाणा सांगताना तो 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' हे आजही आवर्जून सांगितले जाते. मलकापूर, नांदुरा, शेगाव हा भाग घाटाखालचा. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हा घाटावरचा. मलकापूरकडून राजूर घाटाने बुलडाण्यास येणाऱ्याला अजिंठ्याची रांग भिंतीसारखी समोर उभी दिसते. दुसरबीडसारख्या घाटावरच्या गावातून निघून त्याच घाटाकडे जाणाऱ्याला मात्र ही भिंत दिसतच नाही. पठार एकाएकी संपते, एवढेच त्याला जाणवते. डोंगर एकच, पण एका बाजूने तो डोंगर आहे आणि दुसऱ्या बाजूने केवळ जमिनीची कड आहे. ही साधी भौगोलिक गोष्ट निसर्गचित्रकलेच्या अभ्यासात महत्त्वाची ठरते, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

नॉर्वेने एकोणिसाव्या शतकात आपले पर्वत चित्रांतून पाहिले आणि जगाला दाखविले. त्याच शतकात महाराष्ट्रात पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रशिक्षण आले आणि पुढे उत्तम निसर्गचित्रकारही घडले. तरी सह्याद्री हा चित्राचा नायक झाला नाही. तो कवितेचा झाला. असे का घडले असावे?

दूर राहून काढलेला स्वदेश

नॉर्वेतील पर्वतचित्रणाचा आरंभ योहान क्रिश्चन डाल (१७८८-१८५७) या चित्रकारापासून मानला जातो. डालचा जन्म बर्गेन या बंदराच्या गावी झाला. कोपनहेगन येथे शिक्षण घेऊन तो १८१८ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. प्रसिद्ध जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीडरिख हा त्याचा स्नेही. दोघेही एकाच इमारतीत राहत. म्हणजे नॉर्वेच्या पर्वतांचा आद्य चित्रकार हा नॉर्वेत राहणारा नव्हताच. १८२६, १८३४, १८३९, १८४४ आणि १८५० अशा पाच वेळा तो मायदेशी गेला. तेथे भरपूर रेखाटने केली आणि ड्रेस्डेनच्या चित्रशाळेत बसून त्यांची मोठी तैलचित्रे केली. १८४२ मधील त्याचे स्टालहाइमचे चित्र १८२६ च्या प्रवासातील रेखाटनांवर आधारलेले आहे. खोल दरी, दोन्ही बाजूंस चढत गेलेले पर्वत, वर इंद्रधनुष्य आणि या सर्वांच्या तळाशी लहानशी वस्ती, अशी त्याची रचना आहे. सोळा वर्षे मनात राहिलेला हा डोंगर आहे.

या चित्रांना तत्कालीन राजकारणाचा आधार होता. १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता. त्या वर्षी त्याला स्वतःची राज्यघटना मिळाली, पण स्वीडनशी संयुक्त होऊन राहावे लागले. पूर्ण स्वातंत्र्य आले ते १९०५ मध्ये. मधल्या नव्वद वर्षांत 'आम्ही डॅनिश नव्हे, स्वीडिश नव्हे, मग कोण?' या प्रश्नाला दाखविण्याजोगे उत्तर हवे होते. शेजारच्या डेन्मार्कमध्ये पर्वत नावालाही नाही. तेव्हा पर्वत हेच उत्तर ठरले. डालचा शिष्य थॉमस फर्नले, उत्तर टोकापर्यंत गेलेला पेडर बाल्के आणि त्यांच्यानंतरचा हान्स गूडे यांनी हीच वाट पुढे नेली. गूडे आणि आडोल्फ टिडेमन यांनी १८४८ मध्ये मिळून केलेले हार्डांगर येथील नववधूच्या मिरवणुकीचे चित्र घराघरांतून परिचित आहे. त्यातील माणसे टिडेमनची, डोंगर व पाणी गूडेचे! इतकी उघड वाटणी क्वचितच पाहावयास मिळते.

हॅराल्ड सोलबर्गचे 'पर्वतांतील हिवाळी रात्र' (१९१४) हे मात्र वेगळ्या जातीचे चित्र होय. सोलबर्गने रोंडाने पर्वत १८९९ मध्ये पाहिला आणि पुढील पंधरा वर्षे तो याच एका दृश्याच्या मागे होता. अग्रभागी वेडीवाकडी काळी झाडे, पलीकडे निळ्या बर्फाचे डोंगर आणि वर एक तारा, माणूस नाही. १९९५ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीने घेतलेल्या कौलात श्रोत्यांनी राष्ट्राचे चित्र म्हणून यालाच निवडले.

खडकाचा आणि उभे राहण्याच्या जागेचा प्रश्न

चित्रकार डोंगर काढतो म्हणजे आधी त्याच्या पायथ्याशी उभा राहतो. नॉर्वेच्या पश्चिमेस हिमनद्यांनी जुना, कठीण खडक खोलवर कोरला आहे आणि त्या खाचांत समुद्राचे पाणी शिरले आहे. यांनाच फियॉर्ड म्हणतात. येथे वस्ती तळाशी, शेत तळाशी, नाव तळाशी. मान वर केल्याशिवाय दिवस जात नाही. नॉर्वेचे सर्वोच्च शिखर गाल्डहोपिगेन २४६९ मीटर उंचीचे आहे. हिमालयाशी तुलना करता ही उंची काहीच नाही. परंतु कडा पाण्यापासूनच उभा राहत असल्याने ती डोळ्यांत पूर्ण भरते.

सह्याद्रीचे तसे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार बनले. त्याची पश्चिमेची कड झिजून, तुटून जी उभी राहिली तिला आपण सह्याद्री म्हणतो. म्हणूनच त्याच्या अंगावर आडव्या रेषा आहेत आणि अनेक माथे सपाट आहेत. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे खरी, पण देशावरून पाहणारा आधीच बरीच उंची पायाखाली घेऊन उभा असतो. पूर्ण उंचीचा सह्याद्री दिसतो तो कोकणातून. आपली चित्रविद्या मात्र मुंबई, कोल्हापूर, पुणे या शहरांत वाढली. त्यातही आडव्या थरांचा डोंगर चित्रबद्ध करणे अवघड असते. युरोपीय पद्धतीच्या पर्वतचित्राला सुळका हवा, नजर वर नेणारी तिरकी रेषा हवी. बेसाल्टच्या पायऱ्या नजरेला आडव्या नेतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा किंवा नाणेघाटाजवळील सुळके हे अपवाद झाले.

ऋतूचाही भाग आहे. सह्याद्री खऱ्या अर्थाने जिवंत होतो तो पावसाळ्यात, आणि प्रत्यक्ष जागेवर जलरंगात काम करणाऱ्याला नेमके तेच चार महिने बंद असतात! कागद भिजतो, ढग दृश्य पुसून टाकतात. चित्रकार बाहेर पडतो तो हिवाळ्यात, तेव्हा डोंगर पिवळा पडू लागलेला असतो आणि नदीकाठचे देऊळ अधिक मोहक दिसते.

मराठी चित्रकाराने काय पाहिले?

इंग्रजांनी सह्याद्री पाहिला तो प्रथम वाट आणि किल्ला म्हणून. रॉबर्ट ग्रिंडले या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने १८२६ ते १८३० या काळात प्रसिद्ध केलेल्या पश्चिम भारताच्या चित्रसंग्रहात बोरघाटाची आणि दौलताबादच्या किल्ल्याची दृश्ये आहेत. नंतर महाबळेश्वर व माथेरान वसले आणि 'पॉइंट' ही संस्था आली. पॉइंट म्हणजे डोंगराकडे नव्हे, डोंगरावरून पाहण्याची जागा. आपल्या पर्यटनाची नजर अजूनही तीच आहे, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

मराठी चित्रकाराच्या हातचे आरंभीचे एक डोंगरचित्र पुण्यातील आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्या सहवासात, सवाई माधवरावांच्या काळात, गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार नव्या पद्धतीने रेखाटू लागला. त्याने १७९५ च्या सुमारास काढलेले पर्वती टेकडीचे सूर्यास्तसमयीचे जलरंगचित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. डालने नॉर्वेचा पहिला दौरा केला त्याच्या तीस वर्षे आधीचे हे चित्र आहे. वेल्स १७९५ मध्येच वारला, पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि या आरंभाला परंपरेचे रूप आले नाही.

१८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. जॉन ग्रिफिथ्सच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात हे तरुण चित्रकार हंगामामागून हंगाम राहिले, पण त्यांचे काम लेण्यांच्या आत होते. डोंगरात शिरलेल्या चित्रकाराची पाठ डोंगराकडे होती. पुढील पिढीत आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थाचा परिसर अक्षरशः रोज पाहून रंगविला, ए. एक्स. त्रिंदाद, ल. ना. तासकर, मा. का. परांडेकर, सा. ल. हळदणकर यांनी जलरंग आणि तैलरंग यांत मराठी प्रकाश पकडला. त्यांची कामगिरी डालच्या तोडीची नाही, असे मुळीच म्हणावयाचे नाही. आबालालांचे पाणी आणि झाडे पाहून कोणीही तसे म्हणणार नाही. मात्र त्यांचा विषय तळे, घाट, देऊळ, बाजार, गल्ली हा होता. डोंगर आला तर क्षितिजावर, निळसर पट्टा होऊन. ऐतिहासिक चित्रांत गड आला, पण तेथे नायक महाराज होते, आणि ते योग्यच होते.

नॉर्वेत जी गरज चित्राने भागविली ती येथे शब्दाने भागविली. आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद व खामगाव येथे वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे महाराष्ट्रगीत, गोविंदाग्रजांचे दगडांना गौरविणारे गीत, आणि २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेले राजा बढे यांचे गीत यांतून पर्वत आणि कातळ मराठी माणसाच्या कानात बसले. पोवाड्यांनी गडांची नावे दिली. ज्याचे नाव कानात इतके घट्ट बसले आहे, त्याचे रूप डोळ्यांनी शोधावे अशी निकड उरली नसावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नॉर्वेत असे गीत नव्हते असे नाही. परंतु तेथे गीत आणि चित्र बरोबरीने चालले.

कोरलेला डोंगर

आणखी एक कारण अधिक जुने आहे. भारतातील खोदीव लेण्यांपैकी सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात आहे, आणि त्याचे श्रेय याच आडव्या थरांच्या खडकाला जाते. थर पाहून छत धरता येते, कडा सरळ असल्याने दर्शनी भाग काढता येतो. जो खडक चित्रकाराला नडला तो शिल्पकाराला सोयीचा ठरला. वेरूळचे कैलास लेणे हा कोणी रंगविलेला पर्वत नव्हे. पर्वतातूनच काढलेला पर्वत आहे.

तरीही रंगविलेला डोंगर आपल्याकडे अगदीच नाही, असे नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत, विशेषतः पहिल्या व सतराव्या लेण्यांत, पात्रांच्या मागे खडक दिसतात. ते नैसर्गिक आकारात नसून कोनदार ठोकळे एकावर एक रचावेत तसे काढलेले आहेत. अभ्यासक यास चित्रसंकेत मानतात, आणि ते बरोबर आहे. परंतु बेसाल्ट तडकतो तो चौकोनी, स्तंभाकृती तुकड्यांतच. लेण्याबाहेर येऊन वाघूरच्या कड्याकडे पाहिले, किंवा राजूर घाटात रस्ता रुंद करताना उघडा पडलेला खडक पाहिला, तर ते ठोकळे तेथे दिसतात.