सवलत दिली, पण सांगितली का?

पेढीवरच्या माणसांची काळजी वाहणे ही व्यापारी घराण्यांची जुनी रीत आहे. मुनीमजींच्या घरी आजारपण आले की शेठजी न मागता पैसे पाठवीत. गुमास्त्याला औषधपाण्यासाठी उचल देताना हिशेब फारसा ताणला जात नसे. या रीतीमागे औषधदानाचा संस्कार होता आणि तो आदरणीयच आहे. मात्र आज कर्मचाऱ्याला आरोग्यासाठी जे मिळते, त्यातील मोठा भाग दान नसून देणे आहे. दान गुप्त राहिले तर त्याची शोभा वाढते. देणे मात्र ज्याचे त्याला कळलेच पाहिजे.

कपात दिसते, लाभ दिसत नाही

कर्मचारी राज्य विमा योजना हे अशा देण्याचे ठळक उदाहरण. १९४८ च्या कायद्याने ती आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रथम सुरू झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने दहा किंवा अधिक माणसे असलेली आस्थापना तिच्या कक्षेत धरली आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ती लागू होते. १ जुलै २०१९ पासून कर्मचारी वेतनाच्या ०.७५ टक्के, तर मालक ३.२५ टक्के अंशदान भरतो. म्हणजे १६,००० रुपये पगाराच्या सेल्समनमागे महिन्याला त्याचे १२० रुपये आणि पेढीचे ५२० रुपये जातात.

पगारातून गेलेले १२० रुपये त्या माणसाला दिसतात. त्याबदल्यात काय मिळते, ते बहुधा कोणी सांगत नाही. योजनेत आल्या दिवसापासून त्याला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळू शकतात. अंशदानाच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम आणि बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण वेतन मिळते. हे ठाऊक नसलेला माणूस मध्यरात्री पत्नीला जवळच्या खासगी रुग्णालयात नेतो, अनामत भरण्यासाठी दागिने गहाण टाकतो आणि घरी परतल्यावर बिले फेकून देतो. आणीबाणीत बाहेरच्या रुग्णालयात झालेल्या खर्चाचा परतावा नियमांच्या मर्यादेत मागता येतो; परंतु मूळ बिले व डिस्चार्जचे कागद नसतील तर दावा उभाच राहत नाही.

सूचना हेच कर्तव्य

अमेरिकेत हे सांगणेच कायद्याने बंधनकारक केले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे लहान उद्योगांसाठी आरोग्यखर्चाच्या परताव्याची एक व्यवस्था मंजूर झाली. ती राबवणाऱ्या मालकाने वर्ष सुरू होण्याच्या किमान ९० दिवस आधी प्रत्येक पात्र कर्मचाऱ्याला लेखी सूचना द्यावी लागते. परताव्याची रक्कम तीत नमूद करावी लागते. सूचना चुकली तर माणशी ५० डॉलर, कमाल २,५०० डॉलर दंड होऊ शकतो. परतावा देऊ करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर सांगणे महत्त्वाचे, हा त्यामागील विचार कोणत्याही पेढीला लागू पडावा.

एक कागद पुरे

यासाठी मोठ्या व्यवस्थेची गरज नाही. नवा माणूस कामावर येईल त्या दिवशी त्याला कळेल अशा भाषेत, मराठीत वा हिंदीत, एक कागद द्यावा. त्यावर त्याचा विमा क्रमांक, कुटुंबातील कोणाकोणाची नोंद आहे, जवळचा दवाखाना व रुग्णालय कोणते, आणीबाणीत काय करावे आणि कोणते कागद जपावेत, एवढे असावे. वाचता न येणाऱ्याला तो वाचून दाखवावा. एक प्रत त्याच्या सहीनिशी पेढीत ठेवावी.

पगारवाढीच्या वेळी तर हे अधिकच आवश्यक ठरते. वेतन २०,५०० वरून २१,५०० झाले की माणूस आनंदाने पेढे वाटतो. आपण विम्याच्या मर्यादेबाहेर जाणार आहोत, हे त्याच्या ध्यानीमनी नसते. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च यांपैकी चालू असलेला अंशदानाचा कालावधी संपेपर्यंत तो योजनेत राहतो. त्या अवधीत त्याच्यासाठी समूह मेडिक्लेमची सोय करता येते. ते शक्य नसेल, तर त्याने स्वतःचा विमा घ्यावा, एवढे तरी वेळेवर सांगणे हाती असतेच.

दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात मालक स्वतःहून औषधांचा खर्च परत देतो. तेथेही वर्षाला किती रक्कम, कोणाच्या उपचारासाठी, कोणती बिले आणि किती दिवसांत, हे लिहून ठेवावे. ‘वेळ आली की बघू’ या आश्वासनाचा लाभ शेठजींशी मोकळेपणाने बोलणाऱ्यालाच होतो. गोदामात मान खाली घालून पोती मोजणारा हमाल मागत नाही, म्हणून त्याला मिळत नाही. लेखी नियम दोघांना एका पातळीवर आणतो.

दिवाळीला वहीपूजनानंतर पेढीवरची सारी माणसे एकत्र असतात. बोनसच्या पाकिटात हा कागद घालण्यास त्याहून चांगला मुहूर्त नाही.