डास बदलण्याआधी कोणाला विचारावे?

पावसाळ्यात घरोघरी डेंग्यूची धास्ती असते. हा रोग पसरवणारा एडिस डास प्रामुख्याने दिवसा चावतो. त्यामुळे दुपारी विश्रांती घेणारे ज्येष्ठ त्याला सहज सापडतात. कीटकनाशकाच्या वारंवार फवारणीने डास दाद देईनासे होतात, मात्र मधमाश्यांसारखे उपकारक कीटक मरतात. म्हणून शास्त्रज्ञांनी डासांच्या जनुकांतच बदल करण्याचा मार्ग शोधला.

या पद्धतीत जनुक बदललेले नर डास सोडले जातात. नर चावत नाहीत. त्यांच्या संततीतील माद्या मोठ्या होण्यापूर्वीच मरतात आणि डासांची संख्या घटते. नर सोडणे थांबवले की हा बदल काही काळाने निसर्गातून नाहीसा होतो. आपल्या जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे २०१७ मध्ये अशा डासांच्या पिंजऱ्यातील चाचण्या सुरू झाल्या होत्या. ‘जीन ड्राइव्ह’ हे तंत्र मात्र वेगळे आहे. त्यात बदललेले जनुक जवळजवळ सर्व संततीत उतरते व पिढ्यानपिढ्या पसरत जाते. ते परत बोलावणे कठीण.

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची संमती घेतली जाते. पण डास तर गावाची शीव ओळखत नाही. मग संमती कोणाची घ्यावी?

सत्तरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटना व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे संशोधन चालवले होते. सोनीपत येथे वंध्य नर सोडण्याची तयारीही झाली. परंतु अमेरिकी पैशामागील हेतूविषयी संशय बळावला, वृत्तपत्रांत व संसदेत प्रश्न उठले आणि १९७५ मध्ये काम बंद पडले. लोकांचा विश्वास नसेल, तर उपयुक्त संशोधनही तडीस जात नाही. याउलट अमेरिकेतील फ्लोरिडा कीज येथे २०१६ मध्ये मतदान घेण्यात आले. ज्या वस्तीत चाचणी ठरली होती तिने नकार दिला. पुढे २०२१ मध्ये डास सोडले गेले ते अन्यत्र.

उपाय नाकारण्यालाही किंमत असते, हे विसरू नये. ती डेंग्यूचा रुग्ण मोजतो. म्हणून उद्या आपल्या गावी असा प्रस्ताव आला, तर भयाने नाकारू नका किंवा भारावून होकारही देऊ नका. ग्रामसभेत विचारा: हा बदल थांबवता येईल का? देखरेख कोण करील? नुकसान झाल्यास उत्तरदायी कोण?

तोवर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. पिंप, कूलर व कुंड्यांखालच्या ताटल्या घासून कोरड्या करा. दुपारीही मच्छरदाणी लावा. ताप आल्यास ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असल्यास ते परस्पर बंद न करता त्वरित डॉक्टरांना विचारा.