नकार लेखी मागा!
ग्राहकाचा हक्क : लेखांक ७

पॉलिसी कशी वाचावी, हे मागच्या आठवड्यात पाहिले. आता प्रश्न पॉलिसीच चुकीची छापली गेली तर काय, याचा. चासी नंबरातला एक आकडा बदलतो, पेट्रोल गाडीपुढे डिझेल पडते, आणि ते कळते थेट अपघातानंतर. गाडी काशीमिऱ्याच्या गॅरेजमध्ये उभी असते, सर्व्हेअर फोटो काढून जातो आणि मग फोन येतो : पॉलिसी आणि आरसी जुळत नाही, क्लेम होणार नाही.

तिथेच ठामपणे सांगा, "हे मला लेखी द्या." एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर समाधान मानू नका. क्लेम नाकारल्याच्या पत्रात कंपनी जे कारण देते, त्यापलीकडचे नवे कारण तिला पुढे ग्राहक आयोगासमोर काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) या निकालांत हे स्पष्ट केले आहे. माझ्या मते या लढाईत ग्राहकाच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार म्हणजे हे पत्र, आणि नेमके तेच मागायला माणसे संकोचतात.

त्यानंतर चूक कोणाची हे दाखवायचे. त्यासाठी प्रस्ताव अर्जाची प्रत मागवा. अर्जात नंबर बरोबर आणि पॉलिसीत चुकीचा असेल, तर टंकलेखनाची ती चूक कंपनीची. जुनी पॉलिसी, आरसी, हप्ता भरल्याची पावती हे सगळे जोडीला ठेवा. अर्जात आपणच चुकीचे लिहिले असेल, तर बाजू लंगडी पडते. मागच्या वर्षी क्लेम घेऊनही ‘नो क्लेम बोनस’ घेतला असेल, तर ‘एजंटने फॉर्म भरला’ हे उत्तर सहसा टिकत नाही. जुनी गाडी विकत घेतल्यावर पॉलिसी नावावर करून घेण्यासाठी कायद्याने चौदा दिवस दिले आहेत. ते टाळणाऱ्याला स्वतःच्या गाडीची नुकसानभरपाई मिळणे कठीण, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच कम्प्लीट इन्सुलेशन्स खटल्यात सांगितले आहे.

कागदासाठी अडवणूक झाली, तर गुरमेल सिंग विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स हा २० मे २०२२ चा निकाल जवळ ठेवा. मार्च २०१३ मध्ये गुरमेल सिंग यांचा ट्रक चोरीला गेला. कंपनीने आरसीची प्रमाणित प्रत मागितली. चोरीच्या तक्रारीमुळे आरटीओने नोंदच गोठवली होती, त्यामुळे ती प्रत मिळणे शक्य नव्हते. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय, तिन्ही पायऱ्यांवर ट्रकमालक हरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ग्राहकाला मिळवता न येणारा कागद मागून दावा अडवणे चुकीचे ठरवले आणि १२ लाख रुपये, ७ टक्के व्याज आणि खर्चापोटी २५ हजार द्यायला लावले. हा निकाल वाचताना नऊ वर्षे झगडलेल्या माणसाबद्दल आदर वाटतो आणि त्याला इतका काळ झुलवल्याबद्दल संतापही येतो.

तक्रार कुठे करायची, यात मीरा-भाईंदरकरांची गल्लत होते. रोजचा प्रवास मुंबईत असला, तरी दहिसर चेकनाका ओलांडला की जिल्हा ठाणे. त्यामुळे इथल्या राहत्या पत्त्यावरून तक्रार करणाऱ्याने जायचे ते ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे, वांद्र्याला नव्हे. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्यास तक्रारीचे शुल्क शून्य आहे आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. अडल्यास १९१५ या हेल्पलाइनला फोन करा.

दुसरा मार्ग विमा लोकपालाचा. तो मोफत आहे, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतो, आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावे लागते. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून आधी ठरवा.

मुदत विसरू नका : लोकपालाकडे नकारानंतर एक वर्ष, आयोगात दोन वर्षे. आणि आज रात्री आरसीशेजारी पॉलिसी ठेवून चासी नंबर, इंजिन नंबर आणि नाव जुळवून पाहा. फरक दिसला तर लगेच ईमेल करून दुरुस्तीचे एन्डॉर्समेंट मागा.